चिऊचे दार

गेल्या वर्षी ज्येष्ठ संपत आला असताना आमच्या आखाडा बाळापूरच्या एका अंगणवाडीतल्या सेविका माझ्याकडे आल्या. एके काळी त्या माझ्या विद्यार्थिनी होत्या. कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईंकडे वेळच वेळ असणार, हा त्यांचा अंदाज अगदी बरोबर होता. "बाई, लेकरांसाठी मैत्रीवर एक चित्रांचं पुस्तक करून द्या," त्या म्हणाल्या, "पण यमकातलं पाहिजे. साधं वाचलं की लेकरं उठून जातात. यमक आलं की डोलायला लागतात."

अंगणवाडीत छापील पुस्तके नव्हती असे नाही. कपाटात दहा-बारा होती आणि त्यांतली दोन मैत्रीवरचीच होती, गुळगुळीत कागदाची, भाषांतरित. एकात पेंग्विन आणि पांढरे अस्वल यांची दोस्ती होती. एक दक्षिण ध्रुवाकडचा आणि दुसरे उत्तर ध्रुवाकडचे, हा भूगोल क्षणभर बाजूला ठेवला तरी त्या ओळींना ताल नव्हता. मूळ भाषेत ज्या शब्दांनी एकमेकांचा हात धरला असेल, त्यांचे हात मराठीत येताना सुटले होते आणि भाषांतरकाराने ते कसेबसे पुन्हा बांधले होते. एका ओळीच्या शेवटी ‘आहे’, तर पुढच्या ओळीच्या शेवटी ‘पाहे’. मुलांना ते ऐकवत नव्हते, यात मुलांचा काही दोष नव्हता.

मी होकार दिला. त्या होकारात थोडा अहंकार होता, हे कबूल केले पाहिजे. यमक या शब्दालंकाराची व्याख्या मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिली आहे की झोपेतही ती चुकणार नाही. शिवाय पाठीशी परंपरा होती. ‘स्वेदगंगा’ आणि ‘मृद्गंध’ लिहिणाऱ्या विंदा करंदीकरांनी १९६१ साली ‘राणीची बाग’ आणि ‘एकदा काय झाले’ ही मुलांसाठीची पुस्तके दिली आणि पुढे तीन दशके ते मुलांसाठी लिहीत राहिले. पाडगावकरांची बालगीते आहेत. फार लांब कशाला, आमच्या शेजारच्या नांदेडचे डॉ. सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ या बालकवितासंग्रहाला २०२५ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. इतके सगळे असताना सोळा पानांपुरत्या ओळी जुळवायला कितीसा वेळ लागणार, असे मला वाटले होते.

पहिली अडचण ‘मित्र’ या शब्दानेच उभी केली. हा शब्द ओळीच्या शेवटी ठेवला की ‘चित्र’ न बोलावता हजर होते. ‘पत्र’ आणि ‘सत्र’ जरा अंतर राखून उभे राहतात. ‘विचित्र’ आणि ‘चरित्र’ तीन वर्षांच्या तोंडात मावत नाहीत. ‘मैत्री’ घ्यावी तर ‘खात्री’ येते, आणि मैत्रीत जी गोष्ट कधीच नसते तिचाच पुकारा करावा लागतो. ‘मैत्रीण’ म्हटले की ‘बहीण’ आणि ‘हरीण’ एवढ्यावर भागवावे लागते. खरे म्हणजे आमच्या गावची इतकी लहान मुले यांतला एकही शब्द आपणहून बोलत नाहीत. ती ‘दोस्त’ म्हणतात. फारसीतून आलेला हा शब्द साऱ्या महाराष्ट्रात आहे, पण १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या या मुलखात तो अधिकच घरचा झालेला आहे. त्याला ‘मस्त’, ‘फस्त’, ‘स्वस्त’ असे खुशालचेंडू शब्द लगेच चिकटतात. त्याहूनही जास्त वेळा मुले नुसते ‘जोडी’ म्हणतात. "आमची जोडी हाय," असे एक जण सांगतो आणि दुसरा त्याच्या सदऱ्याचे टोक धरून उभा असतो. जात्यावरच्या ओव्यांतही मैत्रिणीसाठी ‘शेजी’ हा शब्द येतो. शेजारची म्हणून ती सखी. मैत्रीचा उगम जवळ बसण्यात आहे, हे त्या शब्दात उघडच सांगितलेले आहे.

या खटपटीत एक गोष्ट लक्षात आली, जी इतकी वर्षे शिकवूनही आली नव्हती. यमक जुळणाऱ्या दोन शब्दांत अर्थाचे नाते असावेच लागत नाही. ‘मित्र’ आणि ‘चित्र’ यांचे कूळ वेगळे, काम वेगळे; ध्वनीच्या योगायोगाने ते एका सतरंजीवर येऊन बसतात. अंगणवाडीत मुलांची जोडी जमते तीही अशीच. स्वभाव, आवड, घरची परिस्थिती यांतले काही पाहून नव्हे, तर सतरंजीवर शेजारी जागा मिळाली म्हणून. त्या शेजाराला अर्थ देण्याचे काम नंतर सुरू होते. कवितेत ते कवीला करावे लागते. गावात ते कोणी करायचे, हा प्रश्न त्या वेळी माझ्या मनात आला नव्हता.

पेंग्विन नको म्हणून मी घरच्या पाखरांकडे वळले. मराठी मुलाने ऐकलेली पहिली गोष्ट बहुधा चिऊ-काऊचीच असते. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा भिजत चिमणीच्या दारी येऊन दार उघडायला सांगतो. चिमणी नाही म्हणत नाही. ती थांबायला सांगते. आधी बाळाला न्हाऊ घालायचे असते, मग अंग पुसायचे, मग काजळ-तीट. गोष्टीतले दार उघडते की नाही, हे घराघरातल्या आजीवर अवलंबून. काही घरांत ते उघडतच नाही. काही घरांत उघडते, पण गारठलेला कावळा चुलीशी बसतो आणि भाजतो. गोष्ट ऐकून मूल हसते, झोपी जाते. मैत्रीवर पुस्तक करायचे तर हे दार उघडले की झाले, असा माझा हिशेब होता. एका दुपारी मी चार ओळी लिहिल्या:

चिऊने उघडले दार पटकन,
काऊ आला आत झटकन.
एका ताटात जेवले मित्र,
भिंतीवर त्यांनी काढले चित्र.

ताल बरा होता. मुले डोललीही असती. पण संध्याकाळी पुन्हा वाचताना माझी मलाच लाज वाटली. ‘मित्र’ आला म्हणून ‘चित्र’ आले. त्या भिंतीवर चित्र काढण्याचे त्या दोघांना काही कारण नव्हते. आणि ‘झटकन’शी जुळावे म्हणून दार ‘पटकन’ उघडले होते. विद्यार्थ्याच्या वहीत अशा ओळी आल्या असत्या तर मी समासात प्रश्नचिन्ह केले असते.

कारण हे दार फार जुने आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात ही कथा श्रीचक्रधरांच्या तोंडी येते. तिथे चिमणीच्या जागी साळई आहे. पण एकीचे घर मेणाचे आणि दुसऱ्याचे शेणाचे हे तेव्हाही ठरलेलेच आहे. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले, वर्गात लीळाचरित्रही शिकवले, तरी एक साधी गोष्ट मला दिसली नव्हती. कोणती चिमणी मेणाचे घर बांधते? गवत, कापूस, दोरा यांचे घरटे करणाऱ्या पाखराला मेण मिळाले कुठून? मेण आले ते ‘शेणा’शी यमक जुळते म्हणून, असे मला आता वाटते. कोणाचे घर टिकणार आणि कोणाचे वाहून जाणार, हे तिथे शब्दांच्या ध्वनीनेच आधी ठरवून टाकले आहे. आणि ‘शेणाचे’ म्हणताना आपण आपोआप नाक मुरडतो. ज्या माळवदाच्या वाड्यात मी ही गोष्ट ऐकली, त्याची जमीन दर आठवड्याला शेणानेच सारवली जात होती.

दाराशी येणारा कावळा आपल्याकडे आणखी एक आहे. पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रात, मित्रसंप्राप्तीत, लघुपतनक नावाचा कावळा हिरण्यक उंदराच्या बिळाशी येऊन मैत्री मागतो. उंदीर आतूनच सांगतो की मी भक्ष्य, तू भक्षक. आपली मैत्री व्हायची कशी? त्याचा नकार स्पष्ट आहे आणि त्याला कारणही आहे. कावळा तिथेच उपाशी बसण्याची धमकी देतो. वाद चालतो. एक बिळाच्या आत, दुसरा बाहेर, असे किती तरी बोलणे झाल्यावर मग विश्वास बसतो आणि उंदीर बाहेर येऊ लागतो. तिकडे अमेरिकेत आर्नल्ड लोबेल यांच्या १९७० साली आलेल्या बेडूक आणि भेक यांच्या पुस्तकाची सुरुवातही दारावरच्या थापेनेच होते. वसंत ऋतू आला म्हणून बेडूक मित्राचे दार ठोठावतो. आतला भेक झोपेतून उठायला तयार नसतो, अर्धा मे उलटल्यावर ये म्हणतो. बेडूक आत शिरतो, भिंतीवरच्या कॅलेंडरची पाने एकामागून एक फाडतो आणि मे लागला म्हणून त्याला उठवतो. ते पुस्तक गद्यात आहे. पंचतंत्राचे निवेदनही गद्यातच चालते, मधूनमधून श्लोक येतात. दोन्हीकडे मैत्रीसाठी एकाला आग्रह धरावा लागतो आणि दुसऱ्याला आपले म्हणणे सोडावे लागते. माझ्या ‘पटकन-झटकन’मध्ये कोणालाच काही सोडावे लागत नव्हते.

चिमणीचे ‘थांब’ मात्र माझ्या ओळखीचे होते. ते कुठून ओळखीचे, हे आठवायला मला पुस्तकाची गरज नव्हती. आठवू नये यासाठीच मी ‘पटकन’ लिहिले असावे.

१९६४ च्या सुमारास मी दुसरीत होते. हिंगोली जिल्हा तेव्हा नव्हता. तो १९९९ साली झाला. आमचे गाव परभणी जिल्ह्यात मोडत असे. वर्गात माझ्या शेजारी सतरंजीवर एक मुलगी बसायची. तिचे घर गावकुसाकडच्या वस्तीत होते. एवढे सांगितले की पुढचे सांगावे लागत नाही, ही आपल्या भाषेची सोय आहे. तरी सांगते, आमच्या वाड्यात त्या वस्तीतल्या माणसांना ढाळजेच्या पुढे येता येत नसे. ती रोज सकाळी मला शाळेत न्यायला यायची, ढाळजेच्या बाहेर उभी राहायची आणि हाक मारायची. आई आतून म्हणायची, "थांब ग, जेवतीये." मग, "थांब, वेणी राहिलीय." मग, "थांब, देवाला नमस्कार करून येतीये." आईचा आवाज गोड होता. त्यात राग नव्हता, तुच्छता नव्हती. त्या मुलीला आत ये म्हणायची वेळ तेवढी कधी आली नाही.

एका आषाढातल्या सकाळी अशीच ती येऊन उभी राहिली आणि पावसाची सर आली. आई म्हणाली, "थांब ग." माझी एक वेणी झाली होती, दुसरी व्हायची होती. मी बाहेर आले तेव्हा ती निघून गेली होती. शाळेत पाहिले तर तिची पाटी कोरी होती. रात्री चिमणीच्या उजेडात लिहिलेले दोन ते दहाचे पाढे पावसाने धुऊन नेले होते. गुरुजींनी अभ्यास का केला नाही म्हणून विचारले. तिने कारण सांगितले नाही. मीही सांगितले नाही.

चौथीनंतर तिची शाळा सुटली, लग्न झाले, ती दुसऱ्या गावी गेली. पुढे पंचवीसेक वर्षांनी आठवडी बाजारात एकदा भेटली. पहिली दोन वाक्ये ‘तुम्ही’ अशी झाली, मग ‘तू’ आले. आई नुकतीच गेली होती. मी ते सांगितले. ती म्हणाली, "तुझी माय लई चांगली होती. ‘थांब’ म्हणायची. दुसऱ्या घरचे ‘जा’ म्हणायचे."

हे ती मनापासून म्हणाली, यात मला शंका नाही. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि मी ते आईच्या आठवणीचे आहे असे समजले. चांगुलपणाचे माप तिच्यासाठी आम्ही किती लहान करून ठेवले होते, हे मला कळायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. नरसीच्या नामदेवांना तिथे देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे वळले, अशी आख्यायिका आहे. ती आमच्या वाड्यात भक्तिभावाने सांगितली जायची. वाड्याचे दार सागवानी होते, ते जागचे हलले नाही.

पुस्तकाची दुसरी प्रत मी त्यामुळे वेगळी केली. मोठा कागद तीनदा दुमडला की सोळा पृष्ठे होतात. तेवढ्यात गोष्ट बसवली. चित्रे सेविकाबाईंच्या नववीतल्या मुलीने काढली. मेणाच्या घराला तिने घरची हळद कालवून लावली, शेणाच्या घराला शेतातली काळी माती. पावसाच्या ओळी अशा होत्या:

शेण भिजलं, काडी गेली,
काऊच्या घराची होडी झाली.

चिमणीचे ‘थांब’ मी काढले नाही. तीन पृष्ठे ती थांबायलाच सांगते, आणि शेवटच्या पृष्ठावर दार उघडते. आता निदान खोटे तरी नाही, असे वाटले. चित्रपुस्तकात पान उलटणे म्हणजे जवळपास दार उघडणेच असते. तोंडी गोष्टीत दार सांगणाऱ्याच्या हाती असते, इथे ते मुलाच्या बोटात येते. मुलांनी ते कसे उघडले हे पाहायला मी स्वतः अंगणवाडीत जाऊन बसले.

मुले डोलली. ‘होडी झाली’ला टाळ्या वाजल्या. दुसऱ्यांदा वाचताना ‘झाली’ त्यांनीच म्हटले. यमकाची ही ताकद मान्यच करावी लागते, की ऐकणारा पुढचा शब्द स्वतःच्या तोंडाने पुरा करतो. चिमणीने तिसऱ्यांदा ‘थांब’ म्हटले तेव्हा एका मुलीने माझ्या हाताखालून पान उलटले. "उघड की!" ती चिमणीला म्हणाली. दार उघडले, कावळा आत आला, पुस्तक संपले. सेविकाबाई खूश झाल्या. तेवढ्यात मागच्या ओळीतला, साडेचार वर्षांचा असेल, एक मुलगा म्हणाला, "मंग उनाळ्यात चिऊचं घर इतळंल की!"

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. मेणबत्ती त्याने पाहिली होती, आणि बाळापूरचा वैशाख काय असतो हे इथल्या कोणत्याही मुलाला सांगावे लागत नाही. "मंग चिऊ कुठं जाईल?" दुसरीने विचारले. तो म्हणाला, "काऊकडं. शेणाचं घर गार राहतं."

ही भर त्याच्या आधी कितीतरी आज्यांनी आणि नातवंडांनी घातली असेल. मला मात्र ती नवी होती. सातशे वर्षांची गोष्ट मी पावसाळ्यातच थांबवली होती. यमकाला दोन ओळी लागतात, हे मी मुलांना शिकवले. पण माझ्या पुस्तकात एकच ओळ होती. काऊ चिऊच्या दारी येतो, ही पहिली. चिऊ काऊच्या दारी जाते, ही दुसरी. त्या दुसऱ्या ओळीशिवाय पहिली ओळ म्हणजे फार तर उपकार. मदत मागायला एकच जण येणार आणि आत घ्यायचे की नाही हे दुसराच नेहमी ठरवणार असेल, तर त्याला ‘मित्र’ म्हणा नाहीतर ‘दोस्त’, शब्द बदलून काय होणार?

आणि त्या दुपारी घरी येताना मला जे आठवले, ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

त्याच वर्षीचा चैत्र. सकाळची शाळा सुटली होती. माझ्या पायात चपला नव्हत्या आणि काळी जमीन तापली होती. ती म्हणाली, आमचं घर जवळ आहे, पाणी पिऊन जा. मी तिच्याबरोबर गेले. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या. दार इतके ठेंगणे की मोठ्या माणसाला वाकून जावे लागे. आत अंधार आणि गारवा होता. दारातूनही तो जाणवत होता. तिची आई रांजणातून तांब्या भरून घेऊन आली आणि म्हणाली, "ये ग बाई, आत ये. पाय भाजत असतील." दार सताड उघडे होते. आत ये, असे शब्द उच्चारले गेले होते. मी उन्हात उभी राहिले आणि म्हणाले, "नको. घरी वाट बघत्यात." आणि पाणी न पिता चालू लागले.

आत जाऊ नको, असे मला कोणी कधी सांगितले नव्हते. सांगावे लागले नाही. आठ वर्षांच्या वयात मला ते येत होते, जसे पाढे येत होते. आईचे ‘थांब’ आठवून मी आयुष्यभर आईला थोडा दोष देत आले. माझे ‘नको’ मी विसरून गेले होते. बाजारात भेटली तेव्हा तिने आईच्या ‘थांब’बद्दल सांगितले, माझ्या ‘नको’बद्दल नाही. तिला ते आठवत नव्हते, की आठवत असूनही तिने सोडून दिले, हे विचारायचे राहून गेले. आता ती नाही.

पुस्तकाची तिसरी प्रत मी या आषाढात पूर्ण केली. पहिली आठ पृष्ठे पावसाची, नंतरची आठ उन्हाची. पावसात चिमणी तीनदा थांबायला सांगते, आणि पान उलटून दार उघडते तेव्हा बाहेर कोणी नसते. कावळा निघून गेलेला असतो. मग ऊन येते. मेण ओघळते. कावळ्याने एव्हाना आपले घर पुन्हा बांधलेले असते आणि त्याचे दार उघडे असते. चौदाव्या पृष्ठापर्यंत सगळे यमकात आहे, आणि ते पहिल्या प्रतीपेक्षा बरे जमले आहे, असे माझे मत आहे. ‘मित्र’, ‘मैत्री’, ‘दोस्त’ यांतला एकही शब्द त्यात नाही. शेवटच्या दोन पृष्ठांवर कावळ्याचे घर आहे, उघडे दार आहे, आत कावळा आहे आणि उंबऱ्याबाहेर चिमणी उभी आहे. तिथे मी एकही शब्द लिहिलेला नाही.

सेविकाबाईंना हे पटले नाही. "बाई, शेवटी यमक पाहिजे होतं. लेकरं तिथं भांडतात," त्यांनी तक्रार केली. मी जाऊन पाहिले. खरेच भांडतात. काही मुले चिमणीवर बोट ठेवतात आणि ते ओढत ओढत दारातून आत नेतात. एक मुलगा मान हलवून म्हणतो, "न्हाई जाणार. तिनं त्याला घेतलं न्हवतं." एकजण म्हणते, काऊ बोलवायला आलाच नाही, तर ती कशी जाईल? आणि ज्याने मेण वितळवले तो मुलगा शांतपणे सांगतो की तिला ऊन लागतंय, ती जाईलच. रोज निकाल वेगळा लागतो. मी सेविकाबाईंना म्हटले, भांडू द्या.

आणखी एक गोष्ट घडली आहे, जी मी ठरवून केलेली नाही. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. खिडकीशी ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीतले मेणाचे घर वैशाखापर्यंत जवळजवळ पांढरे पडले. काळ्या मातीचे घर होते तसेच आहे. चित्रे काढणारी मुलगी म्हणाली, पुन्हा हळद लावून देते. मी तिला नको म्हटले, आणि त्या शब्दाशी क्षणभर अडखळले. मग तिला आत बोलावून पाणी दिले.